राक्षसी तारा आणि पल्सार यांची जोडी

पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरागरा फिरणारा न्यूट्रॉन तारा. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान त्यात वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबून बसलेले असते. असा गोळा पुण्याजवळच्या वाकडच्या जमिनीवर टेकवला, तर त्याची दुसरी कड चाकणच्या आसपास येईल. राक्षसी तारा याच्या अगदी उलट. गाभ्यातला हायड्रोजन जळून संपला की ताऱ्याचा गाभा आकसतो आणि बाहेरचे थर फुगत जातात. पृष्ठभाग थंडावतो, रंग तांबूस होतो आणि त्रिज्या सूर्याच्या दहा, पन्नास, कधी शंभर पटींवर जाते. स्वाती आणि रोहिणी हे असेच राक्षसी तारे आहेत. स्वातीची त्रिज्या सूर्याच्या सुमारे २५ पट, रोहिणीची सुमारे ४५ पट. वृश्चिकेतली ज्येष्ठा त्यांच्याही पुढची, महाराक्षसी. वाकड-हिंजवडीच्या दिव्यांनी धुरकट पांढऱ्या झालेल्या आकाशातही हे तिन्ही तारे सहज सापडतात, इतके ते तेजस्वी आहेत.

असा फुगलेला तारा आणि असा आवळलेला तारा एकमेकांभोवती फिरत असतील, तर ती नुसती शेजारगत राहत नाही. फुगलेल्या ताऱ्याने आपले बाहेरचे थर जेमतेमच धरून ठेवलेले असतात. पल्सारचे गुरुत्वाकर्षण ते ओढून घेऊ शकते. खगोलशास्त्रात या जोड्यांना महत्त्व आहे ते या देवघेवीमुळे. पल्सारचा वेग, त्याचे चुंबकीय क्षेत्र, त्याच्या कक्षेचा आकार, यांतल्या बऱ्याच गोष्टी राक्षसी सोबत्याने ठरवलेल्या असतात. आणि तो सोबती नाहीसा झाल्यावरही त्या वाचता येतात. या विषयातले काही मोलाचे काम पुणे जिल्ह्यात झाले आहे.

अशी जोडी जमते कशी, हा पहिला अवघड प्रश्न. जड तारा लवकर जळतो आणि महास्फोटात, म्हणजे सुपरनोव्हात, संपतो. त्याचा उरलेला गाभा न्यूट्रॉन तारा होतो. हलका तारा सावकाश म्हातारा होतो आणि फार नंतर राक्षसी बनतो. म्हणजे जोडीतल्या एकाचा स्फोट झाल्यावर दुसऱ्याने जागेवर टिकून राहायला हवे. अडचण इथेच आहे. स्फोटात जोडीच्या एकूण वस्तुमानापैकी निम्म्याहून अधिक एकदम निघून गेले, तर उरलेल्यांना बांधून ठेवण्याइतके गुरुत्वाकर्षण राहत नाही आणि दोघे दोन दिशांना निघून जातात. डच शास्त्रज्ञ ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये हा हिशेब मांडला. त्यावर निसर्गाकडे दोन-तीन तोडगे आहेत. स्फोटाआधीच जड ताऱ्याने आपले बरेचसे वस्तुमान सोबत्याला दिलेले असले, तर स्फोटाच्या वेळी तोच हलका ठरतो आणि जोडी टिकते. स्फोट एका बाजूला झुकलेला असला, तर नव्या न्यूट्रॉन ताऱ्याला बसणारा धक्का कधीकधी योग्य दिशेने लागून त्याला कक्षेतच ठेवतो. तिसरा मार्ग गर्दीचा आहे: गोलाकार तारकागुच्छांमध्ये लाखो तारे दाटीवाटीने असतात, तिथे एकटा न्यूट्रॉन तारा दुसऱ्या कुणाच्या जोडीत घुसून सोबती मिळवू शकतो.

जोडी जमली की पदार्थ दोन वाटांनी पल्सारकडे येतो. प्रत्येक ताऱ्याभोवती एक हद्द कल्पिता येते, जिच्या आतला पदार्थ त्याच्या ताब्यात राहतो. फ्रेंच गणिती एदुआर रोश यांच्या नावाने ती ओळखली जाते. राक्षसी तारा फुगत फुगत या हद्दीला टेकला की दोघांच्या मधल्या बिंदूतून त्याचा वायू सांडू लागतो आणि पल्सारभोवती चकती होऊन फिरत फिरत आत उतरतो. तारा हद्दीपर्यंत पोहोचला नाही, तरी त्याच्या पृष्ठभागावरून वारा सुटलेला असतोच. त्या वाऱ्यातला थोडा भाग पल्सार वाटेतच पकडतो. निळ्या महाराक्षसी ताऱ्यांचा वारा सेकंदाला हजारभर किलोमीटर किंवा त्याहून वेगाने वाहतो, त्यामुळे तो फारसा हाती लागत नाही. पण तो इतका भरपूर असतो की थोडासा हिस्साही पुरतो. तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वारा सेकंदाला दहा-वीस किलोमीटर इतका संथ असतो, आणि संथ वाऱ्याला पल्सार फार लांबूनही आपल्याकडे वळवू शकतो.

पल्सारवर पडणारा वायू प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने आदळतो. या पडझडीत पदार्थाच्या वस्तुमानाचा दहा टक्क्यांहून मोठा हिस्सा ऊर्जेत बदलतो; सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजन जळताना हेच प्रमाण अवघे ०.७ टक्के असते. वायू पल्सारच्या जवळ येतो तेव्हा तिथले चुंबकीय क्षेत्र त्याला सरळ पडू देत नाही, चुंबकीय ध्रुवांकडे वळवते. ध्रुवांवर कोट्यवधी अंश तापमानाचे दोन ठिपके तयार होतात आणि त्यांतून क्ष-किरण निघतात. पल्सार फिरतो तसे हे ठिपके समोर येतात, मागे जातात, आणि दुर्बिणीला एका ठरावीक अंतराने क्ष-किरणांची स्पंदने दिसतात.

डिसेंबर १९७० मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून सोडलेल्या उहुरू उपग्रहाने अशी पहिली जोडी उघड केली. नरतुरंग तारकासमूहातल्या सेन एक्स-३ या स्रोताचे क्ष-किरण दर ४.८ सेकंदांनी स्पंदत होते. शिवाय ही स्पंदने कधी सुमारे ४० सेकंद लवकर, तर कधी तितकीच उशिरा येत होती आणि हा फेरा २.१ दिवसांनी पुन्हा होत होता. पल्सार कक्षेत आपल्या बाजूला असला की त्याच्या किरणांना कमी अंतर काटावे लागते, पलीकडे असला की जास्त. चाळीस सेकंद म्हणजे प्रकाशाला कक्षेची त्रिज्या ओलांडायला लागणारा वेळ. शिवाय दर फेरीला काही तास क्ष-किरण साफ बंद व्हायचे, कारण पल्सार सोबत्याच्या आड जायचा. सोबती म्हणजे सूर्याच्या वीसेक पट वस्तुमानाचा निळा राक्षसी तारा. तो १९७४ मध्ये पोलिश खगोलशास्त्रज्ञ क्षेमिन्स्की यांनी शोधला. व्हेला एक्स-१ मध्ये हीच रचना मोठ्या मापाने दिसते: निळा महाराक्षसी तारा, २८३ सेकंदांना एक फेरी घेणारा पल्सार, आणि जवळपास नऊ दिवसांची कक्षा. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या वेधशाळेनेही सेन एक्स-३ची स्पंदने मोजली आहेत. हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडला गेला. त्यावरची क्ष-किरणांची मोठी मोजणी उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधली, आणि त्यातल्या एका उपकरणाचे दैनंदिन काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातून चालते.

निळ्या ताऱ्यांच्या अशा जोड्या बऱ्याच सापडल्या. तांबड्या राक्षसी ताऱ्यासोबतचा पल्सार मात्र दुर्मीळ. त्यातली सर्वांत परिचित जोडी आहे जीएक्स १+४. ती भुजंगधारी तारकासमूहात, आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेजवळ आहे. मे महिन्याच्या मध्यावर रात्री अडीचच्या सुमारास वाकडहून दक्षिणेला पाहिले, तर क्षितिजापासून साधारण ४६ अंश वर, ज्येष्ठेच्या पूर्वेला १४ अंशांवर तिची जागा येते. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. जोडी सुमारे १४ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि मधल्या धुळीने तिचा दृश्य प्रकाश जवळपास गिळून टाकला आहे.

१९७० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने ऑस्ट्रेलियातून उडवलेल्या बलूनवरच्या उपकरणांना हा स्रोत सापडला. त्याचे स्पंदन दोन मिनिटांहून थोडे अधिक होते. पुढे त्याच जागी एक तांबडा राक्षसी तारा ओळखला गेला. हिंकल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्या ताऱ्याच्या अवरक्त वर्णपटावरून कक्षा मोजली: एका फेरीला ११६१ दिवस, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. पल्सारचे वस्तुमान सूर्याच्या १.३५ पट धरले, तर राक्षसी ताऱ्याचे १.२ पट आणि त्याची त्रिज्या सुमारे १०३ पट भरते. या आकड्यांवरून जोडीचे चित्र उभे करता येते. राक्षसी ताऱ्याची त्रिज्या ७ कोटी किलोमीटर. तो सूर्याच्या जागी असता तर बुध त्याच्या पोटात गेला असता. दोघांमधले अंतर मात्र ४४ कोटी किलोमीटरच्या घरात. एवढ्या अंतरावर राक्षसी ताऱ्याची रोश हद्द त्याच्या त्रिज्येच्या दुपटीहून पुढे पडते. म्हणजे तो सांडत नाही. पल्सार जगतो तो केवळ त्याच्या संथ वाऱ्यावर.

ही जोडी शास्त्रज्ञांना आजही छळते. सत्तरच्या दशकात जीएक्स १+४चा पल्सार दरवर्षी वेग घेत होता. त्याचा फेरीचा काळ १३५ सेकंदांवरून ११० सेकंदांच्या आसपास आला. पडणारा पदार्थ आपल्यासोबत फिरकी घेऊन येतो आणि पल्सारला ढकलतो, या समजुतीत ते नीट बसत होते. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्रोत इतका मंदावला की युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाला तो सापडलाच नाही. १९८७ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला तो पुन्हा दिसला, तेव्हा पल्सार उलट संथ होऊ लागला होता. त्यानंतर एकूण ओढ संथ होण्याकडेच राहिली. आज त्याची फेरी तीन मिनिटांहून अधिक आहे. त्याहून चकित करणारी गोष्ट नव्वदच्या दशकात दिसली: काही काळ असा होता की क्ष-किरण तेजस्वी झाले, म्हणजे पदार्थ जास्त पडू लागला, की पल्सार अधिकच मंदावायचा. वाऱ्यातून पकडलेल्या वायूची चकती कधी पल्सारच्या फिरण्याच्या दिशेने तर कधी उलट्या दिशेने फिरत असावी, असे एक स्पष्टीकरण आहे. पल्सारचे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र असून ते चकतीला अडसर घालत असावे, असे दुसरे. दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत आणि निकाल लागलेला नाही.

भारतातून या स्रोताकडे लक्ष गेले ते हैदराबादच्या बलून केंद्रामुळे. क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात. जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी ते पोहोचत नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी हैदराबादला पातळ पॉलिथिनच्या प्रचंड फुग्यांचे केंद्र उभारले आणि उपकरणे चाळीसेक किलोमीटर उंचीपर्यंत नेली. डिसेंबर १९९१ मध्ये अशाच एका उड्डाणात झेनॉन वायूने भरलेल्या मोजणीपेट्यांनी जीएक्स १+४चे अतितीव्र क्ष-किरण टिपले. ए. आर. राव, बिस्वजित पॉल, वर्षा चिटणीस, पी. सी. अग्रवाल आणि आर. के. मनचंदा यांनी या निरीक्षणांवर काम केले. तेव्हा भारताचा स्वतःचा क्ष-किरण उपग्रह अजून वीस-पंचवीस वर्षे दूर होता. काही तासांच्या उड्डाणात जे हाती लागेल तेवढ्यावरच समाधान मानायचे, अशा काळातले हे काम आहे. ॲस्ट्रोसॅटची उपकरणे बांधणारी पिढी या फुग्यांवर तयार झाली.

ही देवघेव किती काळ चालते, हे सोबत्यावर ठरते. निळ्या महाराक्षसी ताऱ्यांचा क्ष-किरणांचा काळ काही हजार ते लाखभर वर्षांचा. हलक्या ताऱ्याच्या बाबतीत गोष्ट सावकाश चालते आणि निकालही वेगळा लागतो. तारा कोट्यवधी वर्षे पदार्थ देत राहतो, पल्सार तो घेत राहतो आणि त्याचा वेग वाढत जातो. सूर्याच्या वस्तुमानाचा दहावा भाग, किंबहुना त्याहूनही कमी पदार्थ मिळाला, तरी पल्सार सेकंदाला शेकडो फेऱ्या घेऊ लागतो. याच काळात त्याचे चुंबकीय क्षेत्र हजारो पटींनी क्षीण होते. १९८२ मध्ये बॅकर आणि सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या दुर्बिणीतून सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा पल्सार शोधला, तेव्हा नवजात क्रॅब पल्सारच्या ३० फेऱ्यांच्या तुलनेत हा एवढा वेग कुठून आला, हा प्रश्न सर्वांनाच पडला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी, तसेच स्वतंत्रपणे अमेरिकेतील अल्पार आणि सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी उत्तर दिले: हा तरुण नाही, सोबत्याने पुन्हा फिरवलेला म्हातारा पल्सार आहे. चुंबकीय क्षेत्र का विरते, यावर पुढे दीपंकर भट्टाचार्य यांनी मोठे काम केले. ते आधी बंगळुरूला आणि नंतर पुण्याच्या आयुकात होते. व्हॅन डेन ह्यूवेल यांच्यासोबत १९९१ मध्ये त्यांनी लिहिलेला जोडपल्सारांवरचा प्रदीर्घ आढावा या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडतो.

राक्षसी तारा शेवटी काय मागे ठेवतो, याचा हिशेब फार सुंदर बसतो. राक्षसी ताऱ्याची त्रिज्या त्याच्या हेलियमच्या गाभ्याच्या वस्तुमानावर ठरते. देणे-घेणे चालू असताना ही त्रिज्या रोश हद्दीएवढी असते, आणि हद्द कक्षेच्या आकारावर ठरते. बाहेरचे थर संपले की तो गाभाच श्वेत बटू म्हणून उरतो. म्हणजे आज पल्सारभोवती फिरणाऱ्या श्वेत बटूचे वस्तुमान आणि कक्षेचा काळ यांचे नाते आधीच ठरलेले असते. जे१७१३+०७४७ या पल्सारचेच पाहावे. तो ४.५७ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो. त्याचा सोबती सूर्याच्या ०.२९ पट वस्तुमानाचा श्वेत बटू आहे आणि कक्षा ६७.८ दिवसांची. या आकड्यांवरून उलटे मोजत गेले, तर नाहीशा झालेल्या राक्षसी ताऱ्याची अखेरची त्रिज्या सूर्याच्या सुमारे वीस पट निघते. कक्षाही जवळजवळ अचूक वर्तुळ आहे, कारण राक्षसी ताऱ्याच्या भरती-ओहोटीने तिचा लंबगोलपणा केव्हाच काढून टाकला.

रेडिओ दुर्बिणीतून मात्र खरी राक्षसी जोडी सहसा दिसत नाही. पदार्थ पडत असतो तोवर पल्सारची रेडिओ स्पंदने बंद राहतात. आणि ती सुरू झाली, तरी राक्षसी ताऱ्याचा आयनीभूत वारा ती शोषून घेतो. म्हणून २०१५-१६ मध्ये सापडलेल्या जे१४१७−४४०२ला महत्त्व आहे. फर्मी या गॅमा-किरण उपग्रहाच्या एका अनोळखी स्रोताच्या जागी स्ट्रेडर आणि सहकाऱ्यांना एक राक्षसी तारा मिळाला. तो ५.४ दिवसांच्या कक्षेत एका जड, अदृश्य सोबत्याभोवती फिरत होता. पुढे कमिलो आणि सहकाऱ्यांना तिथेच २.६६ मिलिसेकंदांचा पल्सार ऐकू आला, तोही अधूनमधून, कारण सोबत्याचा वायू त्याला वारंवार झाकतो. राक्षसी ताऱ्यात आता सूर्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच वस्तुमान उरले आहे. श्वेत बटू होण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात सापडलेली ही जोडी आहे, आणि जे१७१३सारख्या पल्सारांचा भूतकाळ असाच असणार, असे मानायला ती भक्कम आधार देते.

पदार्थ पडणे थांबते आणि रेडिओ स्पंदने सुरू होतात, हा बदल पुणे जिल्ह्यातून टिपला गेला. वाकडहून नाशिक फाट्यावर येऊन पुणे-नाशिक महामार्ग धरला, की भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगाव येते. तिथून पूर्वेला खोडद. या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, उभी आहे. १४ तबकड्या मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या तीन फाट्यांवर पंचवीस किलोमीटरच्या विस्तारात. गोविंद स्वरूप यांनी पोलादी दोऱ्यांच्या सांगाड्यावर तारेची बारीक जाळी ताणण्याची युक्ती काढली, त्यामुळे एवढा मोठा पसारा परवडला आणि वाराही जाळीतून निघून जातो. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. ती चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. खोडद १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने दक्षिणेचे बरेच आकाश तिच्या आवाक्यात येते. या केंद्रातल्या जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी याच बळावर जे१२२७−४८५३ हा १.६९ मिलिसेकंदांचा पल्सार शोधला. खोडदहून तो क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येतो. २०१२च्या अखेरीपर्यंत ही जोडी क्ष-किरणांची होती, पल्सारभोवती चकती होती. मग चकती नाहीशी झाली आणि रेडिओ स्पंदने ऐकू येऊ लागली. सोबती राक्षसी नाही आणि कक्षा सात तासांहूनही लहान आहे. पण सोबत्याच्या पदार्थाने पल्सार पुन्हा वेगवान होतो, या कल्पनेची इतकी थेट साक्ष देणाऱ्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

जीएमआरटीने शोधलेला पहिला पल्सार त्याआधीचा, २००४ सालचा. पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर-चंद्र यांनी गोलाकार तारकागुच्छ ३२७ मेगाहर्ट्झवर तपासले आणि कपोत तारकासमूहातल्या एनजीसी १८५१ मध्ये जे०५१४−४००२ए त्यांच्या हाती लागला. असा पल्सार गोंगाटातून बाहेर कसा काढतात, हे पाहण्यासारखे आहे. विजेच्या तारांचा खणखणाट, वेल्डिंगच्या ठिणग्या, मोबाईल मनोरे, यांचा रेडिओ गोंगाट तारकीय संदेशाच्या कितीतरी पट असतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने २० मिलिसेकंदांचे खोटे स्पंदन आणि त्याचे तुकडे प्रत्येक नोंदीत डोकावतात. ते थेट पल्सारासारखेच दिसतात. खऱ्या-खोट्याचा निवाडा ताऱ्यांमधले इलेक्ट्रॉन करतात. त्यांच्यातून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. एनजीसी १८५१च्या वाटेवर इलेक्ट्रॉन इतके आहेत की ४०० मेगाहर्ट्झवरचे स्पंदन पोहोचल्यावर ३०० मेगाहर्ट्झवरचे तेच स्पंदन एका सेकंदाहून थोडे उशिरा पोहोचते. पल्सारची फेरी मात्र ५ मिलिसेकंदांची, म्हणजे तेवढ्या वेळात आणखी दोनशे स्पंदने येऊन गेलेली असतात. संगणकाने हा उशीर प्रत्येक वारंवारतेसाठी नेमका वजा केला, तरच स्पंदने एकावर एक बसतात. चाकणच्या वेल्डिंगच्या ठिणगीला असा उशीर नसतो, म्हणून ती या चाळणीत गळून पडते. तरीही गोंगाट एका मर्यादेपलीकडे वाढला की कोणतीही चाळणी अपुरी पडते. पुणे-नाशिकदरम्यानच्या नियोजित रेल्वेमार्गाच्या आखणीत जीएमआरटीचे संरक्षण हा कळीचा मुद्दा ठरला, तो यामुळेच. आणि तो तसा ठरायलाच हवा होता, कारण अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

एनजीसी १८५१ मधल्या या पल्सारची कक्षा मोजली तेव्हा कोडे समोर आले. एका फेरीला १८.८ दिवस आणि कक्षा कमालीची लंबगोल, विकेंद्रता ०.८८८. जवळच्या टोकाला दोघांमध्ये सुमारे ३१ लाख किलोमीटर, दूरच्या टोकाला सव्वापाच कोटी. पाच मिलिसेकंदांची फेरी सांगते की या पल्सारला कधीकाळी राक्षसी सोबत्याने भरपूर पदार्थ दिला. पण तसे झाले असते तर कक्षा वर्तुळ असायला हवी होती. शिवाय ३१ लाख किलोमीटरच्या फटीत राक्षसी तारा मावत नाही. सूर्याच्या दहापट त्रिज्येचा लहानसा राक्षसी ताराही ७० लाख किलोमीटर त्रिज्येचा असतो. २०१९च्या मोजमापांनुसार आजचा सोबती सूर्याच्या १.२२ पट वस्तुमानाचा आहे. राक्षसी ताऱ्याने मागे ठेवलेला हलका श्वेत बटू इतका जड नसतो. उत्तर एकच उरते: पल्सारला वेगवान करणारा सोबती केव्हाच गेला. तारकागुच्छाच्या दाटीत एक जड उपरा जवळून गेला, त्याने हलक्या श्वेत बटूला हुसकावले आणि त्याची जागा घेतली. लंबगोल कक्षा ही त्या झटापटीची खूण आहे. याच गुच्छात पुढे दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीला आणखी पल्सार मिळाले. त्यातल्या एकाचा सोबती न्यूट्रॉन ताऱ्यासाठी फार जड आणि कृष्णविवरासाठी फार हलका आहे, असे २०२४ मध्ये जाहीर झाले; तिथेही मूळ सोबती बदललेला असावा, असेच मानले जाते.

जड जोड्यांचा शेवट वेगळा होतो. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा राक्षसी तारा रोश हद्दीबाहेर फुगला की तो देईल तेवढे पल्सारला घेता येत नाही. मग पल्सार त्याच्या वायूतच बुडतो आणि घर्षणाने आत आत सरकू लागतो. वायू उधळला गेला तर घट्ट कक्षेत उघडा गाभा उरतो. त्याचाही स्फोट होऊन दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी होऊ शकते. हल्स आणि टेलर यांना १९७४ मध्ये सापडलेली, ७.७५ तासांच्या कक्षेची जोडी याच मार्गाने आली असावी. वायू उधळला गेला नाही, तर न्यूट्रॉन तारा थेट गाभ्यात जाऊन बसेल आणि बाहेरून तो साधा महाराक्षसी तारा दिसेल. किप थॉर्न आणि आना झिटकोव्ह यांनी सत्तरच्या दशकात हे गणित मांडले. काही तारे उमेदवार म्हणून पुढे आले आहेत, पण खात्रीचा एकही नाही.

राक्षसी सोबत्यांनी वेगवान केलेले पल्सार आज घड्याळे म्हणून वापरले जातात. जीएमआरटी वापरणाऱ्या भारतीय पल्सार टायमिंग ॲरे या गटाने २०२२ मध्ये १४ पल्सारांची साडेतीन वर्षांची मोजमापे प्रसिद्ध केली. जून २०२३ मध्ये युरोपीय गटासोबत त्यांनी अतिमंद गुरुत्वलहरींचा पुरावाही मांडला. या लहरी एकेका फेरीला कित्येक वर्षे घेतात. त्यांच्यामुळे स्पंदनांच्या येण्यात होणारा फरक सेकंदाच्या कोट्यंशाइतका बारीक असतो. एप्रिल २०२१ मध्ये जे१७१३+०७४७च्या स्पंदनाचा आकारच अचानक बदलला, आणि तो बदल जीएमआरटीच्या नोंदींतही स्पष्ट दिसला. आकार बदलला की स्पंदनाची नेमकी वेळ काढण्याचे माप बदलते, त्यामुळे त्यानंतरची निरीक्षणे आधीच्यांत जशीच्या तशी मिसळता येत नाहीत. बदल झालेल्या काळाचा हिशेब वेगळा करूनच हा पल्सार पुन्हा घड्याळांच्या यादीत घ्यावा लागतो.